हत्तीची माळ, टोपीचा कौल

निवडणुकीचा निकाल लागला की चार दिवसांत एक मथळा ठरलेला असतो: मंत्रिपदाची माळ कोणाच्या गळ्यात? माळ छापली जाते, गळाही छापला जातो, हत्ती मात्र राहून जातो. आजीच्या गोष्टीत तो होता. राजा निपुत्रिक मेला, प्रधानांनी हत्तिणीच्या सोंडेत माळ दिली, ती नगरभर फिरली आणि वेशीबाहेर झोपलेल्या कुणा फाटक्या पोराच्या गळ्यात माळ घालून मोकळी झाली. पोराची लायकी काय, हे कुणी विचारायचे नाही. हत्तीण चुकत नाही, एवढेच उत्तर.

या पोराचा माग काढत निघाले की वाट धाराशिवला येते. शहरापासून सात-आठ किलोमीटरवर बालाघाटच्या डोंगरात लेणी आहेत, आणि त्या लेण्यांना स्वतःची एक साहसकथा आहे. कनकामर मुनींनी साधारण अकराव्या शतकात अपभ्रंशात, म्हणजे मराठीच्या आधीच्या पिढीच्या भाषेत, ‘करकंडचरिउ’ रचले. पोथी कारंज्याच्या जैन भांडारात पडून होती. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी ती संपादून १९३४ मध्ये छापली आणि काव्यातले तेरापूर म्हणजे गोरोबाकाकांचे तेर, तिथली लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, अशी ओळख पटवून दिली.

करकंड हा नायक मुळात साहसवीर नव्हता. जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रात तो कलिंगाचा राजा आहे. राज्य सोडून ज्ञानी झालेल्या चार राजांतला एक, इतकेच. बौद्धांच्या जातकातही तो करंडू नावाने भेटतो, आंब्याचे झाड पाहून विरक्त होतो आणि निघून जातो. लोकांना मात्र विरक्तीआधीचे आयुष्य ऐकायचे असते. म्हणून पुढच्या टीकाकारांनी त्याला बालपण दिले, आणि ते असे दिले की आजही पोरे कान टवकारतील.

चंपानगरीच्या गरोदर राणीला डोहाळे लागले, राजासोबत हत्तीवर बसून फिरायचे. हत्ती बिथरला. राजा झाडाची फांदी धरून सुटला, राणी हत्तीसोबत रानात गेली. तिने साध्वीची दीक्षा घेतली, बाळ झाले ते स्मशानात ठेवले, आणि स्मशान राखणाऱ्याने ते वाढवले. पोराच्या अंगाला खाज होती. खेळात तो राजा व्हायचा आणि सवंगड्यांकडून कर म्हणून अंग खाजवून घ्यायचा. कर म्हणजे हात, कंडू म्हणजे खाज. नाव तिथूनच पडले. पुढे एका वेळूच्या काठीवरून ब्राह्मणाच्या पोराशी भांडण झाले. ही काठी ज्याची तो राजा होणार, असे कुणा मुनीने म्हटले होते. करकंडचे म्हणणे, माझ्या स्मशानात उगवली म्हणजे माझी. पंच हसले आणि म्हणाले, राजा झालास की याला एक गाव देऊन टाक.

मग दुसऱ्याच एका नगरीचा राजा मेला. जुन्या गद्यकथेत सोडतात तो घोडा. तो पोराला प्रदक्षिणा घालतो. कनकामर मुनींच्या काव्यात पाण्याचा घडा घेऊन हत्ती येतो. घोडा गेला, हत्ती आला, पुढे घड्याच्या जागी माळ आली. पोर तेच राहिले. ब्राह्मण गाव मागायला आला तेव्हा त्याला नेमके चंपेच्या राज्यातले गाव हवे होते. त्यावरून जी लढाई पेटली त्यात समोर सख्खा बाप निघाला. साध्वी झालेली आई मधे आली म्हणून अनर्थ टळला.

हे सगळे कुठल्याही देशात घडले असते. धाराशिवचे प्रकरण मात्र इथलेच.

दक्षिणेच्या स्वारीवर निघालेला करकंड तेरला मुक्काम करतो. स्थानिक राजा त्याला सांगतो, डोंगरात लेणे आहे, आणि वर एक वारूळ आहे; एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळे आणून त्या वारुळाची पूजा करतो. करकंड वारूळ खणतो, आत पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. इथवर सगळे शुभ. मग लेण्यातल्या जुन्या मूर्तीच्या सिंहासनावर त्याला एक गाठ दिसते, दगडाचा नको तिथे आलेला उंचवटा. म्हातारा कारागीर सांगतो, खोदताना इथे पाण्याची धार लागली होती, ती बुजवायला ही गाठ केली. झाले! राजाला ती धार पाहायचीच आहे. गाठ फोडली जाते, पाणी उसळते, लेणे भरते, मूर्ती बुडते. करकंड हताश होतो. नागकुमार येऊन धीर देतो, लेण्याची जुनी कथा सांगतो, आणि करकंड शेजारी नवी लेणी खोदवतो.

सिंहलद्वीप, समुद्रातला अजस्र मासा, विद्याधरी, असे पुष्कळ या काव्यात आहे. मला मात्र ती गाठच सगळ्यात मोठी वाटते. हत्तीने निवडलेला मुलगा हातात सत्ता आल्यावर कुतूहलापोटी देव बुडवतो, आणि काव्य ते लपवत नाही.

छापखाना आल्यावर या पोराचे बरेचसे नुकसान झाले. १८१४ मध्ये बंगालच्या सेरामपूरला मराठी ‘सिंहासन बत्तिशी’ छापली तेव्हा निवड करणारे अजून जागेवर होते. तिथे बत्तीस पुतळ्या भोजराजाला पायरीवरच अडवून विचारतात, तू या आसनाला लायक आहेस का? पण १८६१ ची ‘मुक्तामाला’, १८६८ ची ‘मंजुघोषा’ आणि त्यांच्या वळणावरच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत नायक बहुधा जन्मतःच देखणा, कुलीन आणि लायक. हत्तीला कामच उरले नाही. १९१३ ची ‘वीरधवल’ मात्र याच घराण्यातली असून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. शिकारीत कड्यावरून पडून पायांचे बळ गेलेल्या नाथमाधवांनी अंथरुणावरून घोडदौडी लिहिल्या. त्यांना नावे ठेवायला जीभ रेटत नाही.

आणि मग स्मशानातले पोर परत आले, थेट जिन्याखालच्या कपाटातून. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीत आले तेव्हा नवे काही आले असे सगळे म्हणाले. पण आईबापांवेगळा, परक्या घरी वाढलेला, अंगावर खूण असलेला मुलगा आपल्या ओळखीचाच. खाजेच्या जागी कपाळावर व्रण, हत्तीच्या जागी टोपी. ती डोक्यावर बसते आणि कोणत्या गटात जायचे ते ठरवते.

फरक टोपीखालीच आहे. हॅरी मनातल्या मनात विनवतो, स्लिदरिन गट नको. टोपी ऐकते. करकंडने हत्तीला काही विचारल्याचे कुठे नाही, आणि हत्तीनेही त्याला विचारलेले नाही. अकराव्या शतकातला श्रोता निवड बाहेरून येते असे मानत होता. अकरा वर्षांच्या हॅरीला त्यात आपले मत घालता येते.

दगडांचेही तसेच. हॅरी आरशासमोर उभा राहतो आणि परीस त्याच्या खिशात येतो, कारण त्याला तो शोधायचा आहे, वापरायचा नाही. करकंडलाही ती धार वापरायची नव्हती, फक्त पाहायची होती. एकाला न वापरण्याच्या इच्छेने वाचवले, दुसऱ्याला नुसत्या पाहण्याच्या इच्छेने बुडवले. पोरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात आणि कोणाचे बरोबर ते त्यांनाच विचारावे. माझे मत करकंडच्या बाजूने पडते, कारण हॅरीचा परीस शेवटी नष्ट होतो, सगळे निभावते. करकंडला मात्र छिन्नी-हातोडा घेतलेली माणसे पुन्हा बोलवावी लागतात.

बरेच अभ्यासक धाराशिवची मूळ लेणी बौद्ध आणि पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासची मानतात, जैन वस्ती नंतरची. म्हणजे करकंडने खोदवले असे म्हणतात ते लेणे त्याचे असेलच असे नाही. पण ही गोष्ट रचणारा त्या अंधाऱ्या दालनात कधीतरी उभा राहिला असणार, दगडातून पाझरणारे पाणी त्याच्या पायाला लागले असणार, आणि हे पाणी कुणी सोडले असेल, असा प्रश्न त्याला पडला असणार.