जायबंदी कामगाराचे मागणे : गिरणगाव ते वाशी

आपल्या संघाची स्मरणिका घरी आली म्हणजे प्रथम गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे पाहिली जातात, मग देणगीदारांची यादी आणि सर्वांत शेवटी जाहिराती. या जाहिराती आम्ही यंदा जरा सावकाश वाचल्या. तुर्भे, पावणे, महापे, रबाळे येथील लहानमोठे कारखाने, यंत्रदुरुस्तीची वर्कशॉपे, मजूर पुरविणारे कंत्राटदार : यांपैकी कित्येकांचे चालक आपलेच ज्ञातिबांधव आहेत, आणि तेथे राबणारे हातही पुष्कळसे आपल्याच घरांतले आहेत. ज्यांचे आजे-पणजे घाटावरून व कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत उतरले, त्यांच्या नातवंडांचा हा उत्कर्ष पाहून कोणास समाधान वाटणार नाही? तथापि समाजाचा इतिहास लिहिताना कोण किती वर चढला एवढेच नोंदवून भागत नाही. त्या वाटेवर कोणाचा हात गेला, कोणाची छाती कापसाच्या धुळीने भरली, आणि त्याचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये सूतगिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये ताडदेवची ती गिरणी चालू झाली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांची धुराडी वाढत गेली; परंतु आत काम करणाऱ्या माणसाच्या जिवाची राखण करणारा एकही कायदा नव्हता. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. वरच्या मोठ्या दांड्यावरून पट्टे खाली यंत्रावर येत, आणि त्यांत धोतराचा सोगा वा लुगड्याचा पदर सापडला की माणूस आत ओढला जाई. १८७५ मध्ये मुंबई सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ च्या सुमारास कायद्यासाठी खटपट केली. अखेर १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊ नये, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, यंत्रांच्या धोक्याच्या भागांस कठडे घालावेत, असे त्यात सांगितले होते. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा जाचत होती, म्हणून त्यांनीही या कायद्याचा आग्रह धरला होता, हे खरे आहे. परंतु प्रौढ कामगारांच्या तासांविषयी कायदा मुका होता, आणि यंत्रात सापडून जायबंदी झालेल्याने पुढे काय खावे, याविषयीही तो मुकाच होता.

ही उणीव सर्वप्रथम बोलून दाखविली ती कामगारांनी स्वतः. ठाण्यास १८४८ मध्ये जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक अनुयायी, गिरणीत नोकरी केलेले आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. मुंबई सरकारने पुन्हा एक फॅक्टरी कमिशन नेमले असता त्यांनी सप्टेंबर १८८४ च्या २३ व २६ तारखांस परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा. पाचवी मागणी आम्हांस आज सर्वांत महत्त्वाची वाटते. काम करताना कामगारास दुखापत झाली तर तो बरा होईपर्यंत त्यास पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

वाचकांनी या मागणीची भाषा लक्षात घ्यावी. त्या काळी जखमी कामगाराचा निभाव गावाकडच्या भावकीवर, चाळीतल्या वर्गणीवर वा मालकाच्या मर्जीवर होत असे. मर्जीने मिळालेल्या पैशास आपण मदत म्हणतो. या साडेपाच हजारांनी मदत मागितली नव्हती. यंत्रामुळे गेलेल्या हाताची भरपाई हा यंत्र चालविण्याच्या खर्चाचाच भाग आहे आणि तो मालकाने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

रविवारची मागणी सहा वर्षांत फळास आली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्यात स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारचा विसावा यांस कायद्याचा आधार दिला. परंतु पाचव्या मागणीचे वर्ष उजाडावयास फार काळ लागला. लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत निवर्तले, तेव्हाही अपघातात मेलेल्याच्या वारसांस १८५५ च्या जुन्या कायद्यान्वये फिर्याद करून मालकाची चूक शाबीत करावी लागे. गिरणीतल्या विधवेने बॅरिस्टर कोठून आणावा? १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला, तेव्हा कुठे मालकाची चूक दाखविण्याची ही अट गेली. परळच्या सभेपासून तोवर चाळीस वर्षे लोटली होती.

पुढील पावले थोडक्यात सांगतो. १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मध्यवर्ती सरकारात मजूर खाते सांभाळीत असता मांडलेल्या दुरुस्तीने आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. १९४८ मध्ये नवा कारखाना कायदा व राज्य विमा कायदा असे दोन कायदे झाले. विम्याची नोंद असलेला कामगार कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्यास वेतनाच्या सुमारे नव्वद टक्के रक्कम महामंडळाकडून मिळते, आणि कायमचे पंगुत्व आल्यास दरमहा निर्वाहाची रक्कम मिळते. १८८४ ची मागणी येथे जवळजवळ पुरी झाली. रोगांच्या बाबतीत मात्र विलंब फार. कापसाच्या धुळीने छाती भरून येते, सुटीनंतर कामावर परतताच पहिल्या दिवशी श्वास अधिक कोंडतो, हे गिरणगावातल्या घराघरांस ठाऊक होते. पण व्यवसायजन्य रोगांच्या कायदेशीर यादीत त्यास स्थान मिळाले ते कितीतरी उशिरा.

खाडीच्या या तीरावर हा इतिहास आला तो महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळामागोमाग. १९६२ मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रसायनांचे, औषधांचे व अवजारांचे कारखाने उभे राहू लागले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना, नंतर वाशीचा खाडीपूल, १९९२ मध्ये वाशीपर्यंत रेल्वे. दरम्यान १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने गिरणगाव विस्कटले आणि आपली कित्येक कुटुंबे पूल ओलांडून इकडे आली. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. आपण कोणते रसायन हाताळतो हे जाणण्याचा कामगाराचा हक्क त्यात मान्य झाला. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्य कार्यालय आज आपल्या बेलापुरातच आहे, आणि कामगार विम्याचे रुग्णालय आपल्या वाशीत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या संहितांत विलीन झाले. कंत्राटदाराचा मजूर जखमी झाला तरी भरपाईच्या दायित्वातून मूळ मालक सुटत नाही, हे १९२३ चे तत्त्व नव्या संहितेतही कायम आहे.

म्हणजे कायदा आहे, कचेरी आहे, रुग्णालय आहे. मग उणे कोठे आहे? काही वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगितल्याविना राहवत नाही. आपल्या ज्ञातीतील एका तरुणाची तीन बोटे एका वर्कशॉपमधील प्रेस मशीनवर गेली. काम झपाट्याने व्हावे म्हणून यंत्राची जाळी काढून ठेवली होती. त्यास कामावर लावणारा कंत्राटदारही आपल्यातलाच, नात्याने त्याचा मामा लागणारा. विम्यात नाव घातलेले नव्हते. “घरी पडलो असे सांग, पुढचे मी पाहतो,” असे मामा म्हणाला आणि भाच्याने तसे सांगितले. पुढे त्याची अडचण संघाच्या कानी आली. आम्ही कार्यकारिणीत होतो. निधीतून त्यास काही रक्कम दिली, वार्षिक सभेत टाळ्या झाल्या, आणि त्याच सभेत मामांचा देणगीदार म्हणून सत्कार झाला. बोटे कशी गेली, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही.

जुन्या गिरण्यांत जॉबर असे. तो आपल्या गावची, आपल्या जातीची माणसे आणून भरती करी; त्या उपकाराखाली दबलेला कामगार तोंड उघडीत नसे. आमचा कंत्राटदार हा त्या जॉबरचाच वारस आहे, आणि त्या दिवशी आमचा संघही त्याच्या पंक्तीस बसला, हे आम्हांस कबूल केले पाहिजे. ज्या आपुलकीने आम्ही एकमेकांस नोकरी देतो, त्याच आपुलकीने आम्ही एकमेकांचे तोंड बंद करतो. लोखंड्यांच्या अर्जावर सह्या करणारांनाही गावे होती, नाती होती, जॉबर होते. तरी त्यांनी सह्या केल्या.

म्हणून संघापुढे आमची नम्र सूचना अशी. मदतनिधी चालू राहावा. परंतु अपघाताची बातमी येताच संघाने प्रथम हे पाहावे की कामगाराचे नाव विम्यात आहे की नाही, अपघाताची लेखी वर्दी दिली आहे की नाही, रुग्णालयाचे कागद जपले आहेत की नाही, आणि भरपाईचा दावा मुदतीत दाखल झाला आहे की नाही. आणि आपले जे बांधव मालक वा कंत्राटदार आहेत, त्यांनी पुढील वर्षी स्मरणिकेस जाहिरात पाठविण्यापूर्वी आपल्या यंत्रांच्या जाळ्या जागेवर आहेत ना, आणि आपल्या प्रत्येक मजुराची विम्यात नोंद आहे ना, एवढे स्वतः जाऊन पाहावे. त्या तरुणास त्याचे देणे अद्याप मिळालेले नाही. ते मिळवून देण्यास उशीर झाला असेल, तरी विचारण्यास झालेला नाही.