निघालं चार लिटर, भरलं तीन

खंबाटकी घाटात रविवारी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी माझ्या गाडीचं इंजिन बंद पडलं. गाडीत आई, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी होती. आदल्या दिवशी त्या इंजिनाला मीच हात घातला होता. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये एक छोटा स्कॅनर लावलेला होता. तो दर काही सेकंदांनी पाण्याचं तापमान फोनमध्ये टिपत होता. त्या नोंदी मी नंतर कितीतरी वेळा पाहिल्या. त्या नोंदी आणि घरच्यांना जे आठवतं ते, यांवरून हा घटनाक्रम जुळवला आहे.

शनिवार, दुपारी ४.०५ (१७ तास आधी)

पुणे, सिंहगड रोड, आमच्या सोसायटीचं पार्किंग. डिसेंबर. गेले पंधरा दिवस इंजिन लवकर तापत नव्हतं, सकाळी हीटर लावला तर जेमतेम कोमट हवा यायची आणि पेट्रोल जास्त लागत होतं. स्कॅनरवर कोड आला होता: पी ०१२८. म्हणजे पाणी जितकं तापायला हवं तितकं तापत नाही. बहुतेक वेळा दोष थर्मोस्टॅटचा असतो, आणि इथेही तोच होता.

थर्मोस्टॅट ही तळहातावर मावणारी वस्तू. तिच्या पोटात मेण असतं. इंजिन थंड असताना ती पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरते. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि वाट उघडते. माझा जुना थर्मोस्टॅट काढून उजेडात धरला, तर थंड असतानाही त्याला करंगळीचं नख जाईल एवढी फट होती. नवा मी आधी पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगला आणि शेजारी थर्मामीटर धरला. थर्मोस्टॅटवर ८२ हा आकडा कोरलेला होता. बरोबर त्याच्या आसपास तो उघडू लागला.

इथवर माझं काहीही चुकलेलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण निदान बरोबर निघाल्यामुळेच पुढे माझा स्वतःवर नको तितका विश्वास बसला.

सायंकाळी ५.४० (१५ तास २५ मिनिटं आधी)

दहाच्या पान्याने दोन बोल्ट, वरचा होस, जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे खरवडणं. हाताला अडथळा नको म्हणून शेजारच्या तापमान सेन्सरचा कनेक्टर सोडवून ठेवला. मुलगी टॉर्च धरून उभी होती.

नव्या थर्मोस्टॅटच्या चकतीला कडेला एक भोक होतं आणि त्यात एक बारीकशी पिन सैल लोंबत होती. मुलीने तो कानाशी धरून हलवला. ती पिन खुळखुळायची. तिला तो आवाज आवडला. मी तिच्या हातून तो घेतला आणि बसवला. पिन खालच्या बाजूला गेली.

ती पिन हवेसाठी असते. पाणी भरताना इंजिनात अडकलेली हवा त्या भोकातून वर निसटून जावी, म्हणून ती सगळ्यात वर ठेवायची असते. खाली ठेवली की भोक पाण्यात बुडतं आणि हवा वरच कोंडून राहते.

सायंकाळी ६.५० (१४ तास १५ मिनिटं आधी)

खाली ठेवलेल्या बादलीत जुनं कूलंट चार लिटर निघालं होतं. बादलीवर खुणा होत्या, मी मोजलं होतं. नवं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं करून तेवढंच तयार केलं आणि रेडिएटरच्या तोंडातून ओतलं. तीन लिटरला तोंड काठोकाठ भरलं.

कॅनमध्ये एक लिटर उरलं. मी ते उरलेलं पाहिलं, झाकण लावलं आणि कॅन डिकीत ठेवला.

त्या वेळी करायचं होतं ते इतकंच: रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू ठेवायचं. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, बुडबुडे थांबेपर्यंत, पंखा एकदा तरी सुरू होऊन बंद होईपर्यंत. मधे पातळी खाली गेली की भर घालायची. पाऊण तासाचंही काम नाही. मी पाच मिनिटं इंजिन चालवलं. अंधार पडला होता, सकाळी लवकर निघायचं होतं, आणि कुठे गळत नव्हतं.

फरशीवर सांडलेलं कूलंट मात्र मी बादलीभर पाणी ओतून धुऊन काढलं. त्यातलं ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असतं. पार्किंगमधली कुत्री ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. स्वतः कूलंट बदलणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी करावंच.

दोन किलोमीटरची चक्कर मारली. तापमान ७९. कोड पुसला.

रविवार, सकाळी ६.३० (२ तास ३५ मिनिटं आधी)

रात्री गार होताना इंजिनाने बाजूच्या टाकीतलं कूलंट ओढून घेतलं होतं. पातळी खालच्या रेषेच्याही खाली होती. मी डिकीतला कॅन काढून टाकी भरली. रेडिएटरचं झाकण उघडलं नाही. इंजिन थंडगार होतं, झाकण हाताने फिरलं असतं. आत डोकावलो असतो तर तोंडाशी पाणीच दिसलं नसतं. मला सगळ्यात जास्त आठवतो तो हा क्षण, कारण इथे दहा सेकंदांत सगळं सावरलं असतं.

७.१० (१ तास ५५ मिनिटं आधी)

कात्रजचा नवा बोगदा. आईचे गुडघे गारठले होते, म्हणून हीटर लावला. थंड हवा आली. "अरे, काल दुरुस्त केलंस ना?" आई म्हणाली. मी म्हणालो, वेळ लागेल.

इंजिनाचं तापमान तेव्हा ८५ होतं. इंजिन तापलेलं आणि हीटर थंड, याचा अर्थ हीटरच्या नळ्यांत पाणी पोहोचतच नाही; तिथे हवा आहे. पण हीटरची तक्रार जुनीच होती, म्हणून मी हिलाही जुनीच समजलो. दुरुस्तीनंतर नवं दुखणं जुन्या दुखण्याच्या वेशात आलं, तर ओळखायला फार अवघड जातं.

थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "बाबा, पुढे आतमध्ये पाणी खळखळतंय." डॅशबोर्डमागून खरंच आवाज येत होता.

७.४२ (१ तास २३ मिनिटं आधी)

खेड-शिवापूरचा टोलनाका, लांब रांग. ९४, ९८, १०१. पंखा सुरू झाल्याचा आवाज नाही. रांग सुटली आणि तीन-चार सेकंदांत आकडा ६८ वर आला.

लिटरच्या लिटर पाणी आणि त्याभोवतीचं तापलेलं धातूचं धूड चार सेकंदांत तेहतीस अंशांनी थंड होऊच शकत नाही. हे मला तेव्हाही कळलं. शंकेची पाल चुकचुकली, पण भलत्याच ठिकाणी: सेन्सरचा कनेक्टर काल मी सोडवला होता, तोच नीट बसला नसणार.

८.०५ (१ तास आधी)

शिरवळ. घरचे मिसळ खायला गेले, मी बॉनेट उघडलं. कनेक्टर काढला, पुसला, 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवला. शेजारचा वरचा होस चिमटीत दाबून पाहिला असता, तर तो आतून पोकळ लागला असता. मी त्याला हात लावला नाही.

गाडी सुटली तेव्हा आकडा ८८ वर होता आणि दहा मिनिटं तिथेच राहिला. माझं निदान मला पटलं. खरं तर सेन्सरमध्ये काहीच बिघाड नव्हता. तो पाण्यात बुडालेला असला की पाण्याचं तापमान सांगायचा, हवेत उघडा पडला की हवेचं. कोंडलेली हवा पुढेमागे सरकत होती, त्याप्रमाणे आकडे उड्या मारत होते. पंखाही त्याच सेन्सरच्या हुकमावर चालतो, त्यामुळे गरज असताना तो गप्प राहिला.

८.४८ (१७ मिनिटं आधी)

खंडाळा मागे पडलं. साताऱ्याकडे जाणाऱ्याला तेव्हा बोगदा नव्हता, घाट चढावाच लागायचा. पुढे उसाचा ट्रक, वेग वीसचा, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिनावर सगळ्यात जास्त भार आणि समोरून वारा सगळ्यात कमी. पेट्रोल जळून निघणाऱ्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो, आणि माझ्या इंजिनात ते पाणीच अपुरं होतं.

९९. १०४. १०९. ११३. मी बाजूला घ्यायला जागा शोधू लागलो.

८.५७ (८ मिनिटं आधी)

७४.

डॅशबोर्डवरचा काटाही उतरला. मला हायसं वाटलं. एक जागा दिसली होती, ती मी सोडून दिली.

सिलिंडरच्या हेडभोवतीचं पाणी उकळून त्याची वाफ झाली होती आणि सेन्सर कोरडा पडला होता. हेड ॲल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक बिडाचा. तेवढ्याच उष्णतेत ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोघांना बोल्टनी आवळून ठेवलेलं, मधे पातळ गॅस्केट.

९.०१ (४ मिनिटं आधी)

ॲक्सिलरेटर दाबला की खडे खुळखुळल्यासारखा आवाज. नॉकिंग. ताकद कमी झाली, पहिला गिअर टाकला. बायको म्हणाली, "काहीतरी गोडसर वास येतोय." स्कॅनरवर ६३.

९.०५

बॉनेटच्या दोन्ही कडांतून पांढरी वाफ उसळली. इंजिनाने एक आचका दिला आणि ते थांबलं. हँडब्रेक ओढला, तिघींना उतरवून कठड्यापलीकडे उभं केलं, मागच्या चाकाला दगड लावला.

मग मी रुमाल घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. मागे थांबलेल्या ट्रकचा चालक धावत आला आणि त्याने माझं मनगट धरलं. "साहेब, झाकणाला हात लावू नका. तोंड भाजेल." कोंडलेलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभराच्या वर जाऊनही पाणीच राहतं, झाकण सैल होताच त्याची एकदम वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. माझी मुलगी तेव्हा माझ्यापासून चार हातांवर उभी होती. त्या माणसाचं नावही मी विचारलं नाही.

सोमवार, सकाळी ११

वाईतलं एक गॅरेज. ऑइलचं झाकण काढलं, तर आत दुधाळ चहाच्या रंगाचा चिकट थर. हेड उतरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधलं गॅस्केट जळून तिथे वाट पडली होती. मेस्त्रींनी हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज सरकवली. छोट्या इंजिनाच्या हेडला ०.०५ मिलिमीटरचा बाक चालतो, इथे ०.२० ची पट्टी सहज आत गेली. मग त्यांनी थर्मोस्टॅटचं घर उघडलं, आत पाहिलं आणि पिनेवर बोट ठेवलं.

"कूलंट काढलं किती?"

"चार लिटर."

"भरलं किती?"

मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

पुढच्या शनिवारी, दुपारी ३

हेडचं फेसिंग होऊन आलं होतं, गॅस्केट नवं, ऑइल नवं. मेस्त्रींनी थर्मोस्टॅट तळहातावर फिरवून पिन वर आणली आणि बसवला. गाडीची पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली, हीटर पूर्ण गरमवर केला आणि रेडिएटरचं झाकण बाजूला ठेवून इंजिन चालू केलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तोंडाशी एक मोठा बुडबुडा आला, पातळी धाडकन खाली गेली, त्यांनी भर घातली. पुन्हा बुडबुडे, पुन्हा भर. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, तरी ते स्टुलावरून उठले नाहीत. गाडीतून गरम हवा येऊ लागली. पंखा सुरू झाला, बंद झाला. दुसऱ्यांदा सुरू होऊन बंद झाला, तेव्हा त्यांनी झाकण लावलं.