शुक्रवारची गोळी

आमची आपा सकाळी उठली की तिची बोटं मिटत नसत. चहाची कपबशी ती दोन्ही तळहातांत धरायची. घरात सगळे म्हणत, वात आहे, थंडी गेली की जाईल. अशा पाच थंड्या गेल्या, दुकानातून वेदनाशामक गोळ्या येत राहिल्या. अखेर संधिवाततज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "सकाळी हात किती वेळ आखडलेले राहतात?" आपा म्हणाली, "पोरं शाळेला जाईस्तोवर." डॉक्टरांना तेवढं पुरलं.

मित्रहो, आजार जुनाच आहे. माधवनिदानातलं आमवाताचं वर्णन याच्याशी पुष्कळ जुळतं. पण शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते, हे समजायला विसावं शतक उजाडावं लागलं.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. १९२९ साली एका रुग्णानं त्यांना सांगितलं, कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले! दुसरा कोणी हसला असता. हेंच त्या धाग्यामागे एकोणीस वर्षं चालत राहिले. गरोदरपणातही बायकांचं दुखणं उतरतं, हेही त्यांनी टिपलं. शरीरातच काही औषध तयार होत असणार, असा त्यांचा कयास. सप्टेंबर १९४८ मध्ये एकोणतीस वर्षांच्या एका बाईला त्यांनी सहकारी केंडल यांनी शोधलेलं 'संयुग ई' टोचलं. अंथरुणाला खिळलेली ती बाई आठवड्याभरात बाजारात जाऊन आली. हेच कॉर्टिझोन. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पुढे चेहरे सुजले, हाडं ठिसूळ झाली, तेव्हा जग भानावर आलं.

मला मात्र दुसरी गोष्ट अधिक जवळची वाटते. १९४८च्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला यल्लाप्रगडा सुब्बाराव वारले. आंध्रातल्या भीमावरमचा हा माणूस. लेडर्ली कंपनीत त्यांच्या चमूनं फॉलिक अॅसिडची वाट अडवणारी औषधं घडवली, ती मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरली गेली. त्यातल्याच एका औषधानं संधिवातही उतरतो, हे १९५१ मध्ये लिहून आलं होतं. पण कॉर्टिझोनच्या झगमगाटात कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याचंच भावंड मेथोट्रेक्झेट. त्याला अमेरिकेत संधिवातासाठी मान्यता मिळाली ती १९८८ साली. मधली सदतीस वर्षं किती बायकांची बोटं वाकली असतील!

आपाला तीच गोळी दिली. आठवड्यातून एकदाच; रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं. अधूनमधून रक्त तपासायचं, यकृतावर नजर ठेवायची. "वार तुम्हीच ठरवा," ते म्हणाले. आपानं जुम्मा ठरवला, विसरायला नको म्हणून.

वाकलेली दोन बोटं काही सरळ झाली नाहीत. झालेली झीज भरून येत नाही, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पण कप आता ती कानाला धरून उचलते.