टोपली, सांगड आणि काहील : देशावरील जलवाहनांच्या टिकाऊपणाचा विचार

महाराष्ट्रातील नौकांचा इतिहास म्हटला की अभ्यासकांचे लक्ष कोकणच्या किनाऱ्याकडे जाते. गुराबा, गलबते व मचवे यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. देशावरील नद्या माणसे कशाच्या आधाराने ओलांडीत होती, या प्रश्नाची दखल मात्र त्या मानाने फारच थोडी घेतली गेली. धाराशिव जिल्ह्यासारख्या प्रदेशात तर हा प्रश्नच अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तेरणा, मांजरा, बोरी, सीना या नद्या वर्षातील बराच काळ पायउतार असतात. परंतु ज्या काळात त्या तशा नसतात, त्या काळात गाव आणि बाजार, बाळंतीण आणि वैद्य यांच्यामध्ये पाणीच उभे राहते.

तेरणेकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर, हे समीकरण जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले व ते आज सर्वमान्य आहे. इ. स. च्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगराचा माल, विशेषतः कापड, गाड्यांतून बिकट वाटेने भडोचला जात असल्याचा उल्लेख आहे. नदीमार्गाचे नाव तेथे नाही आणि ते स्वाभाविक आहे. त्याच ग्रंथात पुढे पूर्व किनाऱ्यासंबंधी लिहिताना, अखंड ओंडक्यांच्या नावा एकमेकींस जोडून केलेल्या ‘संगर’ नावाच्या मोठ्या जलवाहनांचा निर्देश येतो. हा शब्द मराठी वाचकास अगदीच परका वाटू नये. संस्कृत ‘संघाट’ म्हणजे लाकडांची जोडणी. त्यापासून मराठी ‘सांगड’ सिद्ध झाला. जोडलेल्या दोन होड्या हा त्याचा एक अर्थ, तर पोहण्यासाठी बांधलेली भोपळ्यांची जुडी हा दुसरा. मलयाळममधील ‘चंगाडम्’ आणि पोर्तुगीजांनी थेट ब्राझीलपर्यंत नेलेला ‘जंगाडा’ ही याच कुळातील रूपे होत. मराठीत आज सांगड उरली आहे ती बहुधा ‘सांगड घालणे’ या वाक्प्रचारात. वस्तू मागे पडली, पण तिचे मर्म भाषेने नेमके उचलले. वाक्प्रचारात ना ओंडका आहे ना भोपळा. आहे ती फक्त जोडणी.

संयुक्त जलवाहनाच्या टिकाऊपणाचा प्रश्न मुळात याच जोडणीचा आहे. वेतबांबूच्या सांगाड्यावर कातडे ताणून केलेली गोल टोपली हे त्याचे उत्तम उदाहरण. कन्नडमध्ये तिला ‘हरिगोलु’ म्हणतात. इ. स. १५२० च्या सुमारास विजयनगरास आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीजाने तुंगभद्रेवर अशा टोपल्यांतून पंधरा-वीस माणसे एका वेळी पार होताना पाहिली. प्रसंगी घोडे व बैलही. कातडे सतत भिजत राहिले तर कुजते, उन्हात सुकले तर आखडते आणि तडकते. बांबूला कीड लागते. म्हणजे दोन द्रव्ये, दोन निराळे शत्रू. हिरोडोटसने बाबिलोनच्या कातडी नावांविषयी एक मार्मिक गोष्ट नोंदली आहे. प्रवाहाबरोबर खाली आलेले व्यापारी माल विकल्यावर नावेचा सांगाडाही विकून टाकीत आणि कातडी गाढवांवर लादून घरी नेत. नाव अखंड टिकावी अशी अपेक्षाच तेथे नव्हती. कोणता भाग टाकावा व कोणता राखावा, हे नावाडी जाणत होता. टिकाऊपणाची ही कल्पना आजच्या कारखानदारीच्या कल्पनेहून अधिक प्रगल्भ मानावी लागेल.

मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात अशा नावेला पाण्यापेक्षा काठावरचा मुक्काम अधिक घातक ठरणार, हे उघड आहे. चार महिने पाणी आणि आठ महिने ऊन! ऊसपट्ट्याने या अडचणीवर काढलेला तोडगा मोठा चतुर आहे. गूळ शिजवण्याची लोखंडी काहील पुराच्या दिवसांत नदीत ढकलली की ती नावेचे काम करते. पावसाळ्यात नाव, हिवाळ्यात भांडे. त्यामुळे ती पडून राहत नाही, आणि धातू एकच असल्याने जोडणी सुटण्याचे भयही उरत नाही. अर्थात ती चटकन कलंडते, हा दोष लहान नव्हे.

हा विचार केवळ जुन्या साधनांपुरता मर्यादित नाही. उत्तर अमेरिकेतील खडकाळ, फेसाळ प्रवाहांत चालणाऱ्या होड्यांसाठी ‘रॉयलेक्स’ हे थरांचे द्रव्य वापरात आले. मध्ये हलका फेसाळ गाभा, दोन्ही अंगांस घट्ट प्लास्टिक आणि सर्वांत बाहेर व्हाइनिलचे पातळ कवच अशी त्याची घडण. खडकावर आदळून दुमडलेली होडी पुन्हा पूर्ववत होई, अशी त्याची ख्याती होती. काचतंतूंच्या कवचास हे साधत नाही. ते ताठ असते आणि आघाताने चिरते. असे असूनही रॉयलेक्सच्या होड्या भंगत त्या पुष्कळदा प्रवाहात नव्हे, तर हिवाळ्यात, घरच्या अंगणात. कडेची लाकडी पट्टी व कवच थंडीत सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाहीत, आणि त्यांना जोडणाऱ्या स्क्रूंच्या भोकांपासून तडे जातात. म्हणून थंडीपूर्वी स्क्रू सैल करून ठेवण्याचा सल्ला दिला जाई. उन्हाने बाहेरचे कवच झिजे ते वेगळेच. २०१४ मध्ये या द्रव्याचे उत्पादन थांबले. तेथील बर्फ आणि येथील ऊन यांत साम्य नाही. पण पडून राहिलेल्या संयुक्त नावेची व्यथा दोन्हीकडे एकच आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये पुराने परंडा व भूम तालुक्यांतील गावे वेढली, तेव्हा बचावपथकांनी हवा भरलेल्या नावा पाण्यात उतरवल्या. कापडावर रबराचा लेप ही त्यांची घडण. कातडी टोपलीचीच ही दूरची वारस. वर्षभर घडी करून ठेवल्यावर तिचे सांधे शाबूत राहतात की नाही, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही. याच विभागात, गंगापूर तालुक्यातील भिव धानोरा येथील शाळकरी मुले जायकवाडीचे पाणी थर्माकोलच्या तराफ्यावरून ओलांडीत असल्याचे २०२३ मध्ये उजेडात आले. थर्माकोल तरंगते खरे, परंतु तो नुसता गाभा आहे. त्यास ना कवच, ना सांगाडा. कड घासली की त्याचे मणी सुटू लागतात आणि तराफा दिवसेंदिवस लहान होत जातो. भोपळ्यांच्या सांगडीला निदान प्रत्येक भोपळ्याची स्वतःची कठीण साल होती.