"कधी आलात? परत कधी?" : फौजीच्या सुट्टीचा इतिहास

आजचा एपिसोड लढाईबद्दल नाहीये. लढाई करून माणूस घरी येतो, त्या दिवसांबद्दल आहे.

आमच्या साताऱ्याकडच्या गावात फौजी सुट्टीवर आला, एसटीतून उतरला, की पारावरून दोन प्रश्न येतातच. "कधी आलात?" आणि लगेच, "परत कधी?" माझे पप्पा फौजेत होते. लहानपणी मला त्या दुसऱ्या प्रश्नाचा भयंकर राग यायचा. माणसाने अजून बूट काढले नाहीत आणि तुम्ही त्याला जायची तारीख विचारताय?

पण खरं सांगू? राग मला पप्पांचाही यायचा. मी महिनाभर प्लॅन केलेले असायचे, इकडे जाऊ, तिकडे जाऊ. आणि ते पहिला आठवडा पाहुण्यासारखे घरात वावरायचे. पहाटे चारला उठून अंगणात बसायचे. दुपारी झोपायचे, तेसुद्धा दाराकडे तोंड करून. ते हळूहळू मोकळे व्हायचे, हसायला लागायचे, आणि तेवढ्यात काळी पेटी माळ्यावरून खाली यायची.

कोडिंगच्या नोकरीला लागल्यावर मी इतिहास वाचायला लागलो, तेव्हा डोक्यात एक साधा प्रश्न होता. सैनिकाची ही सुट्टी आली कुठून?

आपल्याकडे पूर्वी सुट्टी ठरवायचा तो पाऊस. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचं वेळापत्रक दिलंय. दसऱ्याला कूच करायचं, आठ महिने बाहेर मुलुखगिरी करायची, पावसाळा आला की आपल्या मुलखात छावणीला परतायचं. जाताना सामानाची यादी व्हायची, आल्यावर झडती व्हायची. नद्या भरलेल्या, वाटा चिखलाच्या, मग मोहीम बंद. त्यामुळे "परत कधी?" या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं: दसऱ्याला.

आता थेट १९१४ मध्ये येऊ. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि २६ सप्टेंबर १९१४ ला हिंदी सैनिकांच्या तुकड्या फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरायला लागल्या. पुढे फ्रान्सला गेलेल्या हिंदी माणसांचा आकडा झाला सुमारे १ लाख ३८ हजार. या युद्धाला पावसाळा नव्हता. खंदकात गुडघाभर चिखल असला तरी लढाई चालूच.

तिथे गोऱ्या सैनिकाला उशिरा का होईना, थोडे दिवस घरी जायला मिळायचं. फ्रंटवरून आगगाडी, मग बोट, आणि लंडन. घरासाठी त्यांच्यात एक लाडका शब्द होता, 'ब्लायटी'. आता गंमत बघा, हा शब्द आपल्या 'विलायती'वरून गेलाय! हिंदुस्थानात नोकरी केलेल्या गोऱ्या शिपायांनी तो उचलला आणि युद्धात तो सगळ्या फौजेत पसरला. घरासाठीचा शब्द आपल्याकडून गेला, पण घरी जायची रजा आपल्या माणसांना नव्हती. घर समुद्रापार, कित्येक आठवड्यांच्या प्रवासावर. त्यासाठी जहाजं कोण सोडणार?

त्याहून जास्त लागलेली गोष्ट वेगळीच होती. जखमी सैनिकांना इंग्लंडला नेत. ब्रायटनच्या राजवाड्यात त्यांच्यासाठी हॉस्पिटल केलं होतं. सोय उत्तम, स्वयंपाकघरंसुद्धा धर्माप्रमाणे वेगवेगळी. पण जखम भरली की अनेकांना परत खंदकात पाठवलं जायचं. त्यांना वाटलं होतं, एकदा रक्त सांडलं की आता घर. पत्रं सेन्सॉर व्हायची, म्हणून काही जण गावाकडे सांकेतिक भाषेत लिहायचे. हिंदी सैनिक म्हणजे काळी मिरी, गोरे म्हणजे लाल मिरची. काळी मिरी संपत आलीये, एवढं लिहिलं की घरच्यांनी समजून घ्यायचं.

१९१५ च्या शेवटी हिंदी पायदळाच्या दोन्ही डिव्हिजन फ्रान्समधून हलवल्या. घरी? नाही. मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला. तिथे ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा गावात सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या, म्हणजे आपलीच माणसं. फ्रान्सहून आलेल्यांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला, हजारो पडले, वेढा काही फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. आतले सैनिक कैदी झाले आणि जे जगले त्यातले बहुतेक १९१८ च्या शेवटापर्यंत कैदेत राहिले. कुणाच्या तरी दारात तीन-चार दसरे येऊन गेले, माणूस आला नाही.

आता सुट्टी ही 'मेहरबानी' न राहता 'नियम' कशी झाली, ते बघायला पुन्हा फ्रान्सला जाऊ. एप्रिल १९१७ मध्ये जनरल निव्हेलचा मोठा हल्ला फसला. फ्रेंच सैनिक थकले होते. जवळपास निम्म्या डिव्हिजनमध्ये कमीजास्त बंड झालं. बहुतेक जण खंदक सोडून पळाले नाहीत. आम्ही जागा राखू, पण फुकटच्या हल्ल्यात जाणार नाही, असा एकूण सूर होता. आणि मागण्यांमध्ये वारंवार येणारी एक होती, रजा. दर चार महिन्यांनी सात दिवस हा नियम कागदावर होता, मिळत नव्हता. नवे सेनापती पेतँ यांनी शिक्षाही दिल्या, काहींना गोळ्या घातल्या. पण त्याचबरोबर रजेचा नियम खरोखर पाळायला लावला, जेवण सुधारलं. फौज पुन्हा उभी राहिली.

मला यातून कळलं ते इतकंच. सुट्टी हे लढून आल्याचं बक्षीस नाही. लढणारा माणूस कुणाचा तरी मुलगा, बाप, नवरा आहे, हे फौजेने मान्य करणं म्हणजे सुट्टी. आज आपल्या जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि वर किरकोळ रजा असते. पण गरज पडली की तीही परत घेतली जाते. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव वाढला तेव्हा आपल्याकडचे कितीतरी जवान सुट्टी अर्धी टाकून निघाले.

मागच्या दिवाळीत मी पप्पांना विचारलं, "पप्पा, पहिल्या आठवड्यात तुम्ही आमच्याशी बोलायचा का नाहीत?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, गाडी मला दोन दिवसांत गावात सोडायची. मला पोचायला आठवडा लागायचा."

आता कंपनीत रात्रीचं रिलीज संपवून एक दिवसाचा कॉम्प-ऑफ मिळाला की मी तक्रार करतोच, खोटं का बोलू? पण गावात सुट्टीवर आलेला कुणी दिसला की मी दुसरा प्रश्न विचारत नाही. "कधी आलात?" आणि "चला, चहा घेऊ." बस्स. तुम्हीही करून बघा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!