गाठीची रसद

परळच्या टाटा रुग्णालयाची वाट आपल्या वाकोल्यातील अनेक घरांना ठाऊक आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते रुग्णालय सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध अभ्यासला. गाठ का उद्भवते, हा त्या पिढीचा प्रश्न होता. ती वाढते कशाच्या बळावर, हा प्रश्न जोमाने पुढे आला तो १९७१ साली.

तो विचारणारे डॉ. ज्यूडा फोकमन हे अमेरिकेतील एका यहुदी धर्मगुरूंचे पुत्र. लहानपणी वडिलांबरोबर आजाऱ्यांच्या भेटीस जाता जाता ते वैद्यकाकडे वळले. नव्या रक्तवाहिन्या फुटल्या नाहीत, तर गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, असे त्यांनी मांडले. मग तिची रसदच का तोडू नये? अनेक सहकाऱ्यांनी शंका घेतली. फोकमन प्रयोग करीत राहिले.

ही रसद मागवते कोण? उत्तर जनुकांत सापडले. पेशीत 'एचआयएफ' नावाचे प्रथिन सतत तयार होते. प्राणवायू पुरेसा असला, की दुसरे एक प्रथिन त्याला नष्ट होण्यासाठी निवडून काढते. प्राणवायू घटला, की ते टिकते, पेशीच्या केंद्रकात जाते आणि रक्तवाहिन्यांना आमंत्रण देणारे 'व्हीईजीएफ' जनुक कार्यान्वित करते. या शोधमालिकेतील तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक लाभले. वाचकहो, हीच व्यवस्था गर्भात बाळाच्या रक्तवाहिन्या घडवते, जखमही भरून आणते. गाठ कोणताही नवा कायदा आणीत नाही. देहाचाच नियम ती आपल्या स्वार्थासाठी राबवते.

२००४ साली अमेरिकेत 'व्हीईजीएफ'ला रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधास मान्यता मिळाली. आशा मोठी होती. परंतु गाठ रसदीच्या दुसऱ्या वाटा शोधते, असे दिसून आले; शिवाय औषध महागडे.

येथे परळची कथा पुन्हा सुरू होते. डोके व मानेचा कर्करोग उलटलेल्या वा पसरलेल्या, बरे होण्याची आशा न उरलेल्या ४२२ रुग्णांवर टाटा रुग्णालयाने चाचणी केली. काहींना शिरेतून सिस्प्लॅटिन दिले. काहींना आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट व रोज दोनदा सेलेकॉक्सिब, या दोन जुन्या, स्वस्त गोळ्या अल्प मात्रेत, नियमितपणे. अशा उपचाराचा एक परिणाम नव्या रक्तवाहिन्यांना आळा घालण्याचा असावा, असे मानले जाते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ७.५ महिने, तर सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे ६.१ महिने होते. तीव्र दुष्परिणामही गोळ्यांनी कमी झाले.

दीड महिनादेखील नव्हे, असे कोणी म्हणेल. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला मनुष्य असे म्हणणार नाही. दागिने न मोडता, आपल्याच घरात, आपल्या माणसांत मिळालेले ते दिवस आहेत. रोग हरला नाही, हे खरे. परंतु गरिबाच्या आवाक्यातील उपाय महागड्या उपायाइतक्याच कसोशीने तपासला पाहिजे, हा धडा परळने घालून दिला.