गरम पाण्याची कुंडे, कोकणातील

सह्याद्री व अरबी समुद्र यांच्यामधील पट्ट्यात पालघरपासून राजापूरपर्यंत आढळणारे उष्णोदकाचे झरे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी (ठाणे), पालीजवळचे उन्हेरे (रायगड), उन्हवरे, अरवली, तुरळ व राजापूरचे उन्हाळे (रत्नागिरी) ही प्रमुख स्थाने. उन्हवऱ्याचे पाणी सु. ७०° से. असून ते थेट अंगावर घेता येत नाही.

येथील खडक ज्वालामुखीजन्य असला, तरी ही उष्णता ज्वालामुखीची नव्हे. दख्खनचा लाव्हा सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, अहिल्यानगर जिल्ह्यातील कळसूबाईचे (१,६४६ मी.) शिखरही त्याच्याच थरांचे, आणि तो केव्हाच निवाला आहे. पावसाचे पाणी भेगांतून खोल झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते व वर येते. याउलट, नेपल्सच्या उपसागरातील इस्किया बेटावर १३०२ मध्ये उद्रेक झाला होता. तेथील समुद्रकाठची स्नानोद्याने खऱ्या ज्वालामुखीवर वसली आहेत. गंधकाचा गवगवा आपल्याकडे फार. प्रत्यक्षात बहुतेक झऱ्यांत सोडियम, कॅल्शियम व क्लोराइड यांचेच प्राबल्य असते.

तानसा नदीकाठची कुंडे मुंबईकरांना सर्वांत जवळची. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचे मंदिर बांधविले. गणेशपुरीस स्वामी नित्यानंदांची (मृ. १९६१) समाधी आहे. त्यामुळे येथे स्नान हा यात्रेचाच भाग असतो. भाविक आधी कुंडात उतरतात, मग दर्शनाला जातात. त्वचारोग व संधिवातावर हे पाणी गुणकारी मानले जाते. कढत पाण्यात फार वेळ बसू नये. हृद्रोग्यांनी तर विशेष जपावे.